डाउनलोड केलेली मोठी आयएसओ फाइल कशी तपासायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः लिनक्स आणि विंडोजच्या आयएसओ फाइलबद्दल आहे. आयएसओ म्हणजे इन्स्टॉलेशनच्या पूर्ण डिस्कची एकाच फाइलमध्ये साठवलेली प्रत. रास्पबेरी पायच्या इमेज आणि मॅकच्या डीएमजीबद्दलचे (मॅकवरची अशीच डिस्क-फाइल) वेगळे मुद्दे शेवटाकडे दिले आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

ब्राउझर तर म्हणतो डाउनलोड पूर्ण झालं. मग तपासायचं कशाला?

ब्राउझरला एवढंच कळतं, की सर्व्हरने जितके बाइट पाठवतो म्हणून सांगितलं तितके आले. ते डिस्कवर नीट लिहिले गेले का आणि ती फाइल मुळात खरी होती का, हे तो पाहत नाही. एचटीटीपीएसमुळे वाटेत कोणी फेरफार करू शकत नाही हे खरं, पण मिररवरची (मूळ फाइलची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरची) प्रत आधीच खराब असेल तर तीच खराब प्रत सुरक्षितपणे तुमच्याकडे पोचते.

न तपासता पुढे गेलात तर त्रास लगेच दिसत नाही. पेनड्राइव्ह बूट होतो, इन्स्टॉलर सुरू होतो आणि अर्ध्यावर अडकतो. लिनक्सवर 'स्क्वॉशएफएस एरर' येते, विंडोज सेटअप ०एक्स८००७०५७० हा एरर कोड दाखवतो. तोपर्यंत जुनं पार्टिशन पुसलं गेलेलं असतं. पाच जीबीची फाइल तपासायला फार तर दोन-तीन मिनिटं लागतात, ती आधीच द्यावीत.

हॅश किंवा चेकसम म्हणजे नेमकं काय?

फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणित करून काढलेली ठरावीक लांबीची खूण. फाइल पाच जीबीची असो की पाच केबीची, एसएचए-२५६ची खूण ६४ अक्षरांचीच असते. त्यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सगळी खूण बदलते, म्हणून 'जवळजवळ जुळतंय' असं काही नसतं. फाइलचं नाव बदलल्याने किंवा ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्याने हॅश बदलत नाही.

लांबीवरून प्रकार ओळखता येतो: ३२ अक्षरं म्हणजे एमडी५, ४० म्हणजे एसएचए-१, ६४ म्हणजे एसएचए-२५६, १२८ म्हणजे एसएचए-५१२. हॅश जुळत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत आधी हेच पाहावं. बरेचदा वेबसाइटवरचा आकडा एका प्रकारचा असतो आणि तुम्ही काढलेला दुसऱ्या.

विंडोजवर कसं तपासायचं?

पॉवरशेल (विंडोजमधली कमांड लिहायची खिडकी) उघडा, फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जा आणि 'गेट-फाइलहॅश' लिहून पुढे फाइलचं नाव द्या. वेगळं काही सांगितलं नाही तर ही कमांड एसएचए-२५६ काढते. उत्तर मोठ्या अक्षरांत येतं आणि वेबसाइटवर बहुधा छोट्या अक्षरांत असतं. त्याने फरक पडत नाही.

कमांड प्रॉम्प्टवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', मग फाइलचं नाव, शेवटी 'एसएचए२५६'. शेवटचा शब्द विसरलात तर विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत एसएचए-१ निघतो आणि ४० अक्षरं दिसतात. विंडोज ७वर हीच कमांड दर दोन अक्षरांनंतर मोकळी जागा सोडते, ती काढून मगच तुलना करावी.

कमांड नको असेल तर सेव्हन-झिप टाका. फाइलवर राइट क्लिक केल्यावर 'सीआरसी एसएचए' हा मेनू येतो, त्यात एसएचए-२५६ निवडायचं. विंडोज ११वर तो 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत सापडतो.

लिनक्स आणि मॅकवर?

लिनक्सवर 'एसएचए२५६सम' आणि फाइलचं नाव. मॅकवर 'एसएचएसम -ए २५६' आणि फाइलचं नाव. मॅकवर '-ए २५६' गाळलं तर एसएचए-१ निघतो.

लिनक्सवर याहून चांगली पद्धत म्हणजे तुलना संगणकालाच करू देणं. डेबियन आणि उबुंटू (लिनक्सचे दोन प्रकार) आयएसओच्या शेजारी 'एसएचए२५६सम्स' नावाची फाइल ठेवतात. हे नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत असतं. ती आयएसओच्याच फोल्डरमध्ये उतरवा आणि 'एसएचए२५६सम -सी --इग्नोर-मिसिंग' लिहून पुढे तिचं नाव द्या. फाइलच्या नावापुढे 'ओके' आलं की जुळलं, 'फेल्ड' आलं की नाही. '--इग्नोर-मिसिंग' दिलं नाही, तर यादीतल्या ज्या आयएसओ तुम्ही उतरवल्याच नाहीत त्या प्रत्येकीसाठी एरर येते आणि लोक उगाच घाबरतात.

यादीची ओळ हाताने तयार करत असाल तर हॅश आणि नाव यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा लागतात. एकच सोडली, किंवा यादी विंडोजच्या नोटपॅडमधून सेव्ह केल्यामुळे ओळींच्या शेवटी जादा खूण आली, की तपासणी अडू शकते. आयएसओत काही दोष नसतो.

पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवली तर पुरे ना?

डाउनलोड अर्धवट राहिलंय का एवढंच पाहायचं असेल तर पुरे. कोणी मुद्दाम फाइल बदलली असेल तर नाही. आठ अक्षरं म्हणजे ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. आठ अक्षरं जुळतील अशी बनावट फाइल आजच्या संगणकावर बनवता येते. पूर्ण ६४ अक्षरं जुळणारी बनवता येत नाही. पॉवरशेलमध्ये दोन्ही हॅश अवतरण चिन्हांत लिहून मध्ये '-ईक्यू' द्या, उत्तर 'ट्रू' किंवा 'फॉल्स' येतं. डोळ्यांनी ६४ अक्षरं पडताळण्यापेक्षा हे खात्रीचं.

हॅश जुळला नाही. पुन्हा पूर्ण डाउनलोड करू?

थांबा. आधी फाइलचा आकार पाहा, तोही बाइटमध्ये. वेबसाइट १००० च्या हिशेबाने जीबी मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे साइटवर ५ जीबी लिहिलेली फाइल विंडोजमध्ये ४.६६ जीबी दिसते आणि ती बरोबर असते. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये नेमके बाइट दिसतात. ते मिररच्या यादीतल्या आकड्याशी ताडून पाहा.

आकार काही केबीच असेल, तर तुमच्याकडे आयएसओ नाही, वेबपेज आहे. कॉलेज, हॉटेल किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान मध्ये आलं की ते पानच '.आयएसओ' नावाने सेव्ह होतं. नोटपॅडमध्ये उघडलं की कळतं. लिनक्सवर 'फाइल' ही कमांड 'एचटीएमएल डॉक्युमेंट' असं सांगते.

आकार बरोबर ४,२९,४९,६७,२९५ बाइट असेल, तर तुम्ही एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर सेव्ह केलंय. तिथे एका फाइलची मर्यादा तेवढीच असते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असलेल्या डिस्कवर उतरवा.

आकार कमी असेल तर डाउनलोड तुटलंय. 'डब्ल्यूगेट -सी' आणि पुढे लिंक दिली की राहिलेला भागच येतो. आकार जास्त असेल तर रिझ्यूम करताना डाउनलोड मॅनेजरने तुकडे चुकीचे जोडलेत. ती फाइल पुढच्या प्रश्नात दिलेल्या टोरंटच्या पद्धतीने दुरुस्त होऊ शकते.

आकार बाइटपर्यंत जुळतो आणि हॅश मात्र जुळत नाही, तेव्हा दोन गोष्टी पाहायच्या. यादीतली ओळ त्याच आवृत्तीची आहे का? एकाच आवृत्तीच्या डेस्कटॉप, सर्व्हर, एएमडी६४ आणि एआरएम६४ (प्रोसेसरचे प्रकार) अशा वेगवेगळ्या आयएसओ असतात. ओळ बरोबर असेल तर हॅश आणखी दोनदा काढा. एकाच फाइलचा हॅश दर वेळी वेगळा येत असेल तर दोष डाउनलोडचा नाही, रॅमचा, केबलचा किंवा डिस्कचा आहे. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. अशा मशीनवर इन्स्टॉलेशनही नीट होणार नाही. हॅश दर वेळी तोच येतोय पण चुकीचा, तर फाइल खरंच खराब आहे.

आमचा डेटा दिवसाला दीड जीबी. पाच जीबी पुन्हा उतरवणं परवडत नाही. काही उपाय?

आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. खराब फाइलमध्ये बहुतेक वेळा थोडासाच भाग बिघडलेला असतो. टोरंटमध्ये (इतर वापरकर्त्यांकडून तुकड्यातुकड्याने फाइल उतरवण्याची पद्धत) संपूर्ण फाइल तुकड्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश टोरंट फाइलमध्ये लिहिलेला असतो. त्यामुळे नेमका कुठला तुकडा खराब आहे हे टोरंटच्या प्रोग्रामला कळतं. डेबियन, उबुंटू आणि मिंट हे तिन्ही लिनक्स प्रकल्प आयएसओची अधिकृत टोरंट देतात.

असं करा. त्याच आवृत्तीची टोरंट फाइल प्रकल्पाच्या वेबसाइटवरून घ्या. खराब आयएसओचं नाव टोरंटमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. क्यूबिटटोरंट या टोरंटच्या प्रोग्राममध्ये टोरंट जोडताना सेव्ह करायची जागा म्हणून आयएसओ असलेलाच फोल्डर द्या आणि 'स्किप हॅश चेक'वर टिक नाही ना, ते पाहा. तपासणी आपोआप सुरू झाली नाही तर टोरंटवर राइट क्लिक करून 'फोर्स रीचेक' द्या. काही मिनिटांत ९९.७ टक्के वगैरे आकडा दिसेल. उरलेलं तेवढंच उतरेल, म्हणजे पाच जीबीऐवजी पंधरा-वीस एमबी. अर्धवट तुटलेल्या फाइललाही हीच पद्धत चालते. शेवटी एसएचए-२५६ पुन्हा काढा.

आकडा ० टक्केच दाखवत असेल तर बहुधा नाव किंवा फोल्डर चुकलाय. त्या वेळी डाउनलोड लगेच थांबवा, नाहीतर दिवसाचा डेटा त्यातच जाईल.

टोरंट बंद असलेल्या नेटवर्कवर 'आरसिंक' ही कमांड वापरता येते. मिरर आरसिंक देत असेल तर जुन्या फाइलशी तुलना करून बदललेला भागच आणता येतो. उबुंटू काही आयएसओंसाठी 'झेडसिंक' फाइलही ठेवतं, तिचं कामही असंच.

चार दिवसांत थोडं थोडं उतरवणार असाल तर आणखी एक सावधगिरी: रोज किंवा दर आठवड्याला बनणाऱ्या आयएसओ रिझ्यूम करू नका. सोमवारी अर्धी उतरवली आणि मंगळवारी सर्व्हरवर त्याच नावाने नवी फाइल आली, तर तुमच्या डिस्कवर दोन वेगळ्या फाइलींचे अर्धे भाग जोडले जातात. आकारही जवळपास बरोबर दिसतो. आवृत्तीचा क्रमांक नावात असलेलीच स्थिर आयएसओ निवडा.

हॅश ई३बी०सी४४२ ने सुरू होतो. याचा अर्थ काय?

तुम्ही शून्य बाइटच्या फाइलचा हॅश काढलाय. रिकाम्या फाइलचा एसएचए-२५६ कायम याच अक्षरांनी सुरू होतो. एमडी५चा डी४१डी८सीडी९ ने. डाउनलोड सुरूच झालं नसेल किंवा डिस्क भरली असेल तर असं होतं. क्रोमची अपुरी फाइल '.सीआरडाउनलोड' आणि फायरफॉक्सची '.पार्ट' या नावाने बाजूला असते. फायरफॉक्समध्ये मूळ नावाची शून्य बाइटची फाइल आधीच दिसत राहते. लोक तीच तपासतात.

हॅश जुळला. आता फाइल सुरक्षित आहे असं समजू?

हॅश जुळला याचा अर्थ, तो आकडा ज्याने लिहिला त्याच्याकडच्या आणि तुमच्याकडच्या फाइलमधले सगळे बाइट सारखे आहेत. तो आकडा कोणी लिहिला, हे हॅश सांगत नाही. आमच्या मते तपासणीतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक झाली. १७.३ सिनॅमन आवृत्तीची डाउनलोड लिंक बदलून बॅकडोअर (गुपचूप आत शिरायचा मार्ग) घातलेल्या आयएसओकडे वळवली गेली. वेबसाइट ज्याच्या ताब्यात जाते, त्याला लिंकशेजारचा हॅशही बदलता येतो. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या एका मिररवर मॅकची डीएमजी फाइल बदलून त्या जागी 'प्रोटॉन' हा ट्रोजन ठेवला गेला. हँडब्रेकच्या वेळी मुख्य साइटवरच्या हॅशशी ताडून पाहणाऱ्याला फरक दिसला असता, कारण फाइल आणि हॅश दोन वेगळ्या ठिकाणी होते.

म्हणून फाइल मिररवरून घ्या, पण हॅश प्रकल्पाच्या मुख्य साइटवरून एचटीटीपीएसने घ्या. कामाच्या मशीनवर इन्स्टॉल करणार असाल तर डिजिटल सहीही (यादी प्रकल्पानेच दिली आहे याचा पुरावा) तपासा.

सही कशी तपासतात?

डेबियनचं उदाहरण घेऊ. 'एसएचए५१२सम्स' (हेही नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत) या यादीबरोबर त्याच नावाची, शेवटी '.साइन' असलेली छोटी फाइल असते. दोन्ही उतरवा आणि 'जीपीजी --व्हेरिफाय', मग '.साइन' फाइल, मग यादी असं लिहा. क्रम उलटा करू नका.

पहिल्या वेळी 'नो पब्लिक की' येईल, कारण डेबियनची की (सही तपासायला लागणारी सार्वजनिक किल्ली) तुमच्याकडे नाही. संदेशात दिसणाऱ्या आयडीवरून ती डेबियनच्या की-सर्व्हरवरून आणता येते. पण की आली म्हणजे ती डेबियनचीच, असं होत नाही. बऱ्याच सार्वजनिक की-सर्व्हरवर कोणीही कोणत्याही नावाने की टाकू शकतो. कीची ओळख पटवणारी खूण म्हणजे फिंगरप्रिंट, तो पूर्ण ४० अक्षरांचा पाहा. स्थिर आवृत्तीच्या आयएसओसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेल्या, २०११ मध्ये बनवलेल्या कीचा फिंगरप्रिंट असा आहे:

डीएफ९बी ९सी४९ ईएए९ २९८४ ३२५८ ९डी७६ डीए८७ ई८०डी ६२९४ बीई९बी

तो इथून न घेता डेबियनच्या साइटवर 'व्हेरिफाय'च्या पानावर जाऊन ताडून पाहा. शक्य असेल तर दुसऱ्या नेटवर्कवरूनही पाहा.

'गुड सिग्नेचर' आलं की यादी खरी. त्याखाली 'की इज नॉट सर्टिफाइड' असा इशारा बहुतेकांना दिसतो. ही की कोणाची आहे हे तुम्ही स्वतः प्रमाणित केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. फिंगरप्रिंट जुळवला असेल तर काळजी नको. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र ती आयएसओ वापरू नका.

सही यादीवर असते, आयएसओवर नाही. सही तपासून झाल्यावर त्या यादीशी आयएसओचा हॅश जुळवावाच लागतो. इथे बरेच जण अर्ध्यावर थांबतात. विंडोजवर हेच काम जीपीजी४विनमधल्या क्लिओपात्रा या प्रोग्रामने होतं.

वेबसाइटवर फक्त एमडी५ दिलंय. चालेल का?

डाउनलोड बिघडलंय का हे कळायला चालेल. घातपात ओळखायला नाही. २००४ मध्येच एकसारखा एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइल बनवून दाखवल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने एसएचए-१बाबत तेच केलं. एमडी५बरोबर एसएचए-२५६ही दिला असेल तर तोच घ्या.

विंडोजच्या आयएसओचा हॅश कुठे मिळतो?

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११च्या डाउनलोड पानावर भाषेनुसार एसएचए-२५६ची यादी असते. भाषेची ओळ बरोबर निवडा: 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' यांचे हॅश वेगळे आहेत. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेली आयएसओ या यादीशी जुळणार नाही, कारण ती तुमच्या संगणकावर जोडून तयार होते. हॅश जुळवायचा असेल तर थेट आयएसओच उतरवा.

आयएसओ बरोबर होती, तरी पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल होत नाही.

मग पेनड्राइव्ह तपासा. लिनक्सवर 'डीडी' या कमांडने लिहिला असेल तर तो काढून पुन्हा लावा, नाहीतर पेनड्राइव्हऐवजी रॅममधली प्रतच वाचली जाते. 'एलएसब्लक'ने त्याचं नाव पाहा आणि 'सुडो सीएमपी', मग आयएसओ, मग पेनड्राइव्हचं नाव द्या. पार्टिशनचा क्रमांक न लावता पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं. 'ईओएफ ऑन' आणि पुढे आयएसओचं नाव आलं तर ती चांगली बातमी आहे: आयएसओ संपेपर्यंत सगळं जुळलं. 'डिफर' आणि बाइटचा क्रमांक आला तर तिथून फरक सुरू होतो. पूर्ण पेनड्राइव्हचा हॅश काढून उपयोग नाही, कारण आयएसओनंतरची मोकळी जागाही त्यात मोजली जाते. लिहिलेला पेनड्राइव्ह मध्ये विंडोजला लावला असेल, तर विंडोज त्यावर स्वतःचा फोल्डर बनवू शकतं आणि तेवढ्यानेही फरक दिसतो.

रूफस या पेनड्राइव्ह लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या आयएसओ मोडमध्ये ही तुलना जमणार नाही. तो फाइल सुट्या करून लिहितो आणि बूटचा भाग बदलतो. डीडी मोडमध्ये जमते. व्हेंटॉयवर आयएसओ आहे तशी कॉपी होते, म्हणून तिचा हॅश पेनड्राइव्हवरच नेहमीसारखा काढता येतो. बलेनाएचर लिहून झाल्यावर स्वतः पडताळतो. तो टप्पा 'स्किप' करू नका.

बाजारात स्वस्तात मिळणारे १ किंवा २ टीबीचे पेनड्राइव्ह अनेकदा खोट्या क्षमतेचे असतात: मर्यादा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो आणि कोणतीही एरर येत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ने ते उघडं पडतं. दोन्ही पूर्ण पेनड्राइव्ह भरतात, म्हणून आधी त्यावरचा डेटा काढून ठेवा.

डीव्हीडीवर लिहिली असेल तर?

आयएसओचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो आणि डिस्कच्या शेवटी बर्निंग प्रोग्रामने जादा सेक्टर जोडलेले असू शकतात. म्हणून 'आयएसओसाइझ'ने नेमकी लांबी काढा आणि 'डीडी'ने तेवढेच सेक्टर वाचून हॅश काढा.

रास्पबेरी पायची इमेज आणि मॅकची डीएमजी?

पायची इमेज '.आयएमजी.एक्सझेड' अशी दाबलेली असते. साइटवरचा हॅश बहुधा या दाबलेल्या फाइलचा असतो, उघडलेल्या '.आयएमजी'चा नाही. उघडण्याआधीच तपासा. मूळ फाइल ठेवली नसेल तर 'एक्सझेड -टी' (दाबलेली फाइल शाबूत आहे का हे पाहणारी कमांड) चालवायलाही काही उरत नाही. डीएमजीसाठी 'एचडीआययुटिल व्हेरिफाय' आहे, पण ती फाइलच्या आत लिहिलेला चेकसम पाहते, म्हणून बदललेली डीएमजीही तिच्यातून पास होते.

फोनवर उतरवलेली आयएसओ फोनवरच तपासता येते का?

येते. अँड्रॉइडवर टर्मक्स या अ‍ॅपमध्ये 'एसएचए२५६सम' चालतं. संगणकावर कॉपी केल्यावर पुन्हा एकदा काढा, केबलने किंवा ओटीजीने कॉपी करताना फाइल अर्धवट राहण्याचे प्रकार होतात.

तपासणीला किती वेळ लागतो?

वेळ गणितापेक्षा फाइल वाचण्यात जास्त जातो. यूएसबी २.०च्या पेनड्राइव्हवरून सेकंदाला ३० एमबी धरले तर पाच जीबीला पावणेतीन मिनिटं. साध्या हार्डडिस्कवर मिनिटभर. एसएसडीवर काही सेकंद, प्रोसेसर जुना असेल तर थोडं जास्त.

आयएसओ जपून ठेवायची असेल तर?

तिच्याच फोल्डरमध्ये हॅशची यादी आणि सहीची फाइल ठेवा. आवृत्ती जुनी झाली की मिररवरून आयएसओ हटते आणि बरेचदा यादीही तिच्याबरोबर जाते. वर्षभराने पडून असलेल्या डिस्कवरून ती फाइल काढाल तेव्हा इन्स्टॉल करण्याआधी हॅश पुन्हा काढा.